राम राम सायकल बघून घालायचा नसतो

थंडी सुरू झाली की आपल्या सातपुड्यात सायकलवाले दिसायला लागतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, हँडलला मोबाईल. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग सोडून अक्कलकुव्याहून वळायचं, देवगोईचा घाट चढायचा, मोलगी करायची, तिथून पुढे कुणी काठीला, कुणी धडगावला. आता होळी जवळ येईल तशी ही गर्दी वाढेल, कारण काठीची राजवाडी होळी बघायला येणाऱ्यांमध्ये सायकलवरून येणारेही आता असतात. येऊ द्या, चांगलंच आहे. गाडीचा धूर नाही, हॉर्नचा त्रास नाही, पायाच्या जोरावर माणूस डोंगर चढतो, त्याचं कौतुकच वाटतं.

पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे. घाटात समोरून तसलाच गिअरच्या सायकलवाला आला की हे लोक एकमेकांना हात करतात, अंगठा दाखवतात, "ऑल द बेस्ट" म्हणतात. ओळख असो नसो. आणि त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर, दुधाची कॅन लावलेली काळी सायकल हातात धरून चढ चढणारा आपला माणूस असतो. शाळेतून घरी निघालेल्या मुली असतात, प्रत्येकीच्या हातात सरकारी योजनेतली सायकल. कॅरियरला प्लास्टिकच्या बादल्या बांधून गावोगाव फिरणारा असतो. त्यांच्याकडे मान वळत नाही. जसा मैलाचा दगड, तसाच तो माणूस.

सगळे असे नसतात, हे आधीच सांगतो. थांबून पाणी मागणारे, चहा पिणारे, विचारपूस करणारेही येतात. पण बहुतेकांचं हेच असतं. दोन चाकं, दोन पायडल, एक चेन दोघांचीही. मग एक "सायकलिस्ट" आणि दुसरा कोण? त्याला तर काही नावच नाही.

आता त्यांचीही बाजू बघू. चढाला दम लागलेला असतो, तोंडातून शब्द फुटत नाही, हे खरं आहे. उताराला वेग असतो, एक हात सोडला तर तोल जायची भीती, तेही खरं. कुणी वेळ लावून चालवत असतो. ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो, त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. त्या हिशोबात प्रत्येक माणसाशी बोलत बसलं तर कसं होणार? मान्य. पण मग समोरच्या गिअरवाल्याला हात करायला दम कुठून येतो? मान हलवायला किती वेळ लागतो? म्हणजे अडचण दमाची नाही. अडचण ही की आपला कोण आणि परका कोण, हे माणूस सायकल बघून ठरवतो.

आणि आपणही काही कमी नाही. गावात असा सायकलवाला आला की आपण तोंड उघडं ठेवून बघतो, पण राम राम घालत नाही. "सायकल कितीची?" हा पहिला प्रश्न. किंमत ऐकली की हसतो, "एवढ्यात तर मोटरसायकल आली असती." पोरं मागे धावतात, चॉकलेट मागतात. ही सवय आधी आलेल्या लोकांनीच लावली, पण लागली ती लागलीच. मोटरसायकलवाले आपले तरुण घाटात मुद्दाम चिकटून जातात, कानाजवळ हॉर्न वाजवतात. बाहेरचा माणूस म्हणतो, इथले लोक असेच. आपण म्हणतो, शहरातले लोक माजलेले. दोघंही एकमेकांना न बोलता निकाल देऊन मोकळे.

सायकलीची ही जात-पात कशी झाली, ते थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे. एक काळ असा होता की गावात सायकल असणं ही मोठी गोष्ट होती. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन यांच्याकडे सायकल असायची. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल दिली की सासऱ्याचं नाव व्हायचं. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची, पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकाची हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की थांबवायचा. पोरं हाफ पायडल मारत मोठ्या माणसाची २२ इंची सायकल शिकायची. तेव्हा सायकलवाल्याला पायी चालणारा आधी राम राम घालायचा.

मग मोटरसायकल हप्त्यावर मिळायला लागली. सायकल गरिबाची झाली. ज्याच्याकडे दुसरं काही नाही, तो सायकलवर. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, म्हणजे तेव्हाही ती मोटरसायकलपेक्षा जास्त घरांत होती. पण मान गेला तो गेलाच. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. आणि २०२० मध्ये नेमक्या त्याच ३ जूनला, आपल्या पिढीने जी चालवली त्या ॲटलस सायकलच्या साहिबाबादच्या कारखान्यात कामगारांना काम थांबल्याची नोटीस लागली. एकीकडे साध्या सायकलचा कारखाना बंद होत होता, दुसरीकडे त्याच लॉकडाऊनच्या वर्षात शहरात गिअरच्या सायकलींसाठी लोक नंबर लावून थांबले होते.

म्हणजे सायकल परत मानाची झाली, पण वेगळी सायकल. ५० हजारांची, लाखाची, कार्बनच्या फ्रेमची. त्याबद्दल तक्रार नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हा अख्ख्या उत्तर महाराष्ट्राची छाती फुगली होती. २०१७ मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती शर्यत एकट्याने पूर्ण केली. हे आपल्याच मातीतले लोक. त्यांच्यामुळे गावोगावचे डॉक्टर, मास्तर, व्यापारी सायकलवर आले, शुगर-बीपी आटोक्यात आलं. तक्रार एवढीच, की मानाची सायकल आणि गरजेची सायकल एकाच रस्त्यावर असताना एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

ओळख दाखवायची रीत आपल्याला माहीत नाही असं नाही. एसटीचा ड्रायव्हर बघा. समोरून एसटी आली की हात वर होतोच. तो शिवशाही चालवतो आणि समोरची लालपरी खडखडते आहे, म्हणून हात खाली राहत नाही. ट्रकवाला रात्री डिपर देऊन समोरच्याला पुढचं सांगतो. वारीत तर लहान-मोठा, बाई-माणूस, वकील-हमाल, सगळे एकमेकांना माउली. नाशिकचे सायकलवाले दरवर्षी पंढरपूरला सायकल वारी काढतात. त्या वाटेवर कुणाची सायकल कुठल्या कंपनीची, हे माउली म्हणण्याआधी कुणी बघत नसावं.

आणि आपल्या डोंगरात? इथे तर जोहार आहे, राम राम आहे. खाली सपाटीला अहिराणीत "कथा चालना भाऊ?" आहे. पाड्यावरून पायवाटेने जाणारा माणूस समोरच्याला न बोलता पुढे जात नाही. कुठून आला, कुठे निघाला, कुणाच्या घरचा, एवढं विचारणं होतंच. शहरातल्या माणसाला हे चौकशी केल्यासारखं वाटतं. "याला काय करायचंय मी कुठे चाललोय ते?" असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

खरं म्हणजे ती चौकशी नाही, ती नोंद आहे. घाटात मोबाईलची रेंज वळणावळणाला जाते. अंधार लवकर पडतो. पावसाळ्यात दरड येते, फरशीवरून पाणी वाहतं. अशा वाटेवर माणूस हरवला, पडला, तर शोधणारे पहिल्यांदा काय विचारतात? "इकडून कुणी गेलं का?" ज्याने राम राम घातला, तो लक्षात राहतो. "हो, दुपारी एक जण गेला, धडगावला चाललोय म्हणत होता." एवढं एक वाक्य कामाचं ठरतं. जो कुणाकडे न बघता गेला, तो गेला की नाही हेही कुणाला नक्की सांगता येत नाही. जिथे रेंज नाही तिथे राम राम हीच रेंज आहे. ज्यांनी ही रीत पाडली, त्यांना डोंगर कळत होता.

दुसरं, रस्त्याची खबर. पुढच्या वळणावर खडी सांडली आहे, मोरी खचली आहे, ऊसतोडीची गाडी येते आहे, हे तुमच्या जीपीएसला माहीत नसतं. दुधवाल्याला माहीत असतं. तो रोज जातो. पण तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही तर तो कशाला सांगेल?

तिसरं, पंक्चर. भारी सायकलच्या ट्यूबला तो बारीक, पातळ तोंडाचा व्हॉल्व असतो. आपल्या पंक्चरवाल्याचा पंप बहुधा त्याला बसत नाही, मध्ये पितळेचा छोटा अडॅप्टर लागतो. भारी सायकलची ट्यूब अक्कलकुव्यात शोधून मिळायची नाही, मग मोलगीत कुठून? उलट त्यांच्या खिशातल्या पान्यांच्या सेटने आपल्या काळ्या सायकलचा नट फिरत नाही, त्याला साधा पाना लागतो. म्हणजे हत्यारं दोघांची वेगळी. पण सोल्युशन आणि ठिगळ दोघांना एकच चालतं. ते लावायला घासायचं तेवढंच आणि सुकू द्यायचं तेवढंच. साध्या सायकलवाल्याला ठिगळ लावायचा हात असतो, कारण त्याने ते आयुष्यभर केलंय. त्यामुळे कुणाचीही सायकल उलटी करून ठेवलेली दिसली, तर दुसऱ्याने थांबायचं. "काही लागतंय का?" एवढं विचारायचं. उत्तर "नको" आलं तर पुढे जायचं.

आता मुलींबद्दल. हा भाग नीट वाचा.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी ही योजना आहे, आपला जिल्हाही त्यात येतो. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. योजनेत अडचणी आहेत, त्यावर वेगळं लिहिता येईल. इथल्या चढावर ती सायकल निम्मा वेळ हातात धरूनच न्यावी लागते, हेही खरं. पण त्या सायकलने घरातून मुलीला एक वाट मिळाली. ती वाट फार नाजूक आहे. रस्त्यात कुणी छेडलं, कुणी मागे लागलं, एवढं घरी कळलं की सायकल भिंतीला लागते, आणि मग शाळाही सुटते. ते पोरीच्या आयुष्याचं नुकसान असतं.

म्हणून "सगळ्यांना नमस्कार करा" हे वाक्य इथे जसंच्या तसं लागू होत नाही. दहा-बारा पुरुषांचा घोळका वेगाने मागून येतो, घंटी वाजवतो आणि "हाय, हॅलो" ओरडत दोन्ही बाजूंनी निघून जातो, त्याला मैत्री म्हणत नाहीत. त्या मुलीला घाबरायला होतं, सायकल कडेला जाते. आणि तिने उत्तर दिलं नाही तर तो उद्धटपणा नाही. अनोळखी माणसाशी बोलू नको, हे तिला घरी शिकवलेलं आहे आणि ते बरोबर आहे. लांबून एकदा घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, जागा सोडून एका रांगेत जायचं, मान हलवायची. संपलं. तिच्यासाठी हाच राम राम.

आणि फोटो. हेल्मेटवर कॅमेरा, हातात मोबाईल. न विचारता डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचा फोटो, सायकल ढकलणाऱ्या मुलींचा व्हिडिओ, खाली गाणं, वर लिहिलेलं "साधी माणसं". होळीला तर विचारूच नका. बुध्या, बावा, मोरखी नवस म्हणून व्रत पाळतात, पथ्यं पाळतात, रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. सन १२४६ पासून ही परंपरा चालत आली असं इथे सांगतात. त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून "जरा इकडे बघा" म्हणणारे लोक मी बघितलेत. ज्याला राम राम घातला नाही त्याचा फोटो काढायचा नाही, एवढा साधा नियम पुरे. राम राम घातला की समोरचा माणूस होतो, आणि माणसाला विचारावं लागतं. बहुतेक वेळा तो "काढ ना भाऊ" म्हणतोही.

आता काही जण खाली लिहितील ते मला माहीत आहे. "भाऊ, रस्ते खड्ड्यात गेलेत, दवाखान्यात डॉक्टर नाही, रेंज नाही, लोक कामासाठी गुजरातला जातात, आणि तुम्हाला राम रामचं पडलंय?"

प्रश्न योग्य आहे. २०१८ पासून आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. यादीत नाव आहे म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. पण विचार करा, त्या गिअरच्या सायकलवर कोण असतं? डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी, प्राध्यापक, उद्योजक. ज्यांचा फोन उचलला जातो असे लोक. हे लोक आपल्या खचलेल्या मोरीवरून जातात, आपल्या शाळेसमोरून जातात, आणि संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो टाकतात. खोटं टाकतात असं नाही, सूर्यास्त सुंदर असतोच. पण त्यांनी दिवसभरात कुणाशी दोन शब्द बोलले असते तर त्या फोटोखाली आणखी एक ओळ आली असती. "या मोरीवरून रोज शाळेच्या मुली जातात, पावसाळ्यात रस्ता बंद होतो." ती ओळ योग्य माणसाने वाचली तर कदाचित काम होईल, कदाचित नाही होणार. पण आमची अर्जाची कागदं वर्षानुवर्षं फिरतात, त्यापेक्षा वाईट तर होणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. राम राम दानधर्म नाही. "गरिबाशी बोललो" म्हणून पुण्य लागत नाही. दूधवाला तुमच्या कौतुकासाठी थांबलेला नाही, त्याला डेअरीला वेळेत पोचायचं आहे. चॉकलेटं वाटू नका, वह्या रस्त्यात वाटू नका, द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन मास्तरांना विचारा. बरोबरीच्या माणसाला घालतो तसा राम राम घाला. त्यात वर-खाली काही नसतं.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हात करायचा म्हटलं तर हँडल धरायला हातच उरणार नाही. उद्या आपल्याकडेही तेवढ्या सायकली झाल्या तर हा विषय मी स्वतः बंद करीन. पण आज देवगोईच्या घाटात तासाभरात किती सायकली भेटतात? बोटावर मोजण्याइतक्या. तेवढ्यांना तरी एकमेकांनी ओळख द्यावी.

म्हणून जे राइड काढतात, त्या ग्रुपवाल्यांना विनंती. सकाळी निघताना हेल्मेट, लाईट, पाणी यांच्या सूचना देता ना, त्यात दोन वाक्यं वाढवा. एक, डोंगरात आलेला पाहुणा आधी राम राम घालतो, सायकल कुठलीही असो, माणूस पायी असो. चढ चढणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, त्याने मान हलवली तरी पोचलं. दोन, मुली दिसल्या की एक रांग, कमी वेग, कॅमेरा खाली.

आणि आपल्या लोकांनाही तेवढंच. सायकलची किंमत नंतर विचारा, आधी "राम राम, कुठून आलात?" म्हणा. पाण्याचा हापसा कुठे आहे ते सांगा. पुढच्या वळणावर खडी असेल तर हात वर करून थांबवा. मोटरसायकलवाल्या पोरांनो, घाटात सायकल दिसली की, साधी असो की भारी, हात-दीड हात जास्त जागा सोडा. शिक्षक मंडळी आमचं वाचत असतील तर त्यांनी वर्गात सांगावं, की पाहुण्याच्या मागे धावून काही मागायचं नाही, रस्ता विचारला तर नीट सांगायचा.

होळीच्या रात्री काठीला जवळपासच्या पाड्यांवरून, गुजरात-मध्य प्रदेशातून हजारो माणसं येतात. कुणी पायी, कुणी जीपमध्ये दाटीवाटीने, कुणी मोटरसायकलवर तिघं, आणि आता काही सायकलवर. होळीपुढे कुणी विचारत नाही, तू कशावर आलास. घाटातही तेवढंच करायचं आहे.

तुमच्या वाटेवर काय अनुभव आहे ते खाली लिहा. सायकलवाल्यांनीही लिहा, आमच्या लोकांचं काय चुकतं तेही लिहा. फक्त कुणाचं नाव घेऊन शिवीगाळ नको. जोहार. राम राम.